औषधाला न जुमानणारे जंतू : वराहपालन आणि प्रतिजैविके

तंजावर हे नाव मराठी वाचकास परके नाही. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरविलेला भोसले कुलाचा मराठी इतिहास आजही तेथे पाहावयास मिळतो, आणि सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी लिपीतील कागदांची बाडे जपून ठेवलेली आहेत. ह्या नगरीत १७९८ ते १८३२ पर्यंत गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजी राजांनी ‘धन्वंतरी महाल’ नावाची संस्था चालविली होती. तेथे माणसांसाठी व जनावरांसाठीही औषधे तयार होत. निरनिराळ्या पद्धतींचे वैद्य तेथे काम करीत. रोग्याची लक्षणे, त्याला दिलेला उपचार आणि त्याचा परिणाम ह्यांची टिपणे ठेवली जात. त्यांपैकी नेत्ररोग्यांची काही टिपणे अद्याप उपलब्ध आहेत.

माणसाचे औषध व जनावराचे औषध ह्यांचा विचार एकत्र व्हावा, आणि दिलेल्या औषधाची नोंद राहावी, ह्या दोन साध्या गोष्टी होत. परंतु त्यांच्याकडे दुर्लक्ष झाल्याने काय घडते, ह्याचा अनुभव जगाने गेल्या सत्तर वर्षांत घेतला आहे. गोठ्यांत आणि वराहगृहांत सढळ हाताने वापरलेल्या प्रतिजैविकांमुळे असे जंतू निर्माण झाले आहेत की, ज्यांच्यापुढे रुग्णालयांतील उत्तमोत्तम औषधेही निष्प्रभ ठरतात.

कावेरीच्या मुखप्रदेशात

तंजावर जिल्हा कावेरीच्या मुखप्रदेशातील भातशेतीचा जिल्हा आहे. भाताबरोबर गाईगुरे, शेळ्या, कोंबड्या व मासे हीही शेतकऱ्याच्या मिळकतीची साधने आहेत. तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाडू नावाचे गाव आहे. सरफोजी राजांनी बांधलेले मुक्तांबाळ छत्र ह्याच गावी आहे. तेथेच २०१२ पासून तमिळनाडू पशुवैद्यक विद्यापीठाचे एक महाविद्यालय चालते.

तमिळनाडूत डुकरांची संख्या फार मोठी नाही. २०१९ च्या पशुगणनेत भारतात सुमारे ९० लाख डुकरे होती, आणि त्यांत आसामचा क्रमांक पहिला होता. तथापि पांढऱ्या विलायती जातीच्या डुकरांचे पालन, ज्यास तमिळमध्ये ‘वेण्पन्रि’ पालन म्हणतात, ते दक्षिणेतही अल्प भांडवलाचा जोडधंदा म्हणून चालते. हॉटेलांतील व वसतिगृहांतील उरलेले अन्न हे अशा डुकरांचे एक प्रमुख खाद्य असते. मादी सुमारे ११४ दिवसांनी विते, एका वेळी आठ-दहा पिल्ले देते, आणि तीन-चार महिन्यांपूर्वी हातात मावणारे पिल्लू वर्षाच्या आत विक्रीस योग्य होते. गरीब कुटुंबास हा धंदा आकर्षक वाटावा, ह्यात नवल नाही.

पण ह्या धंद्यात एक नाजूक वळण असते. पिल्लू आईच्या दुधापासून तोडले की, त्याच्या आतड्यांवर एकाएकी नवा भार पडतो. आईच्या दुधातून मिळणारे संरक्षण संपते, आणि इशेरिकिया कोलाय नावाच्या जंतूंच्या काही जाती त्याला हगवण लावतात. दोन-तीन दिवसांत अर्धा वेत दगावू शकतो. अशा वेळी औषधाच्या दुकानातून मिळालेली भुकटी पाण्यात कालवून सर्वच पिलांना पाजण्याचा मोह पालकास होतो. आजारी पिल्लास औषध द्यावे, ह्यात वावगे काही नाही. प्रश्न उरतो तो निरोगी पिलांचा.

औषध खाद्यात कसे शिरले

पेनिसिलीनचा शोध १९२८ सालचा. भारतात पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि हे औषध देशातच तयार होऊ लागले. त्याच सुमारास अमेरिकेत एक वेगळीच गोष्ट घडत होती. ज्यूक्स व स्टोकस्टॅड ह्या शास्त्रज्ञांना १९४९-५० मध्ये असे आढळले की, ऑरिओमायसीन नावाचे प्रतिजैविक तयार करताना उरलेला चोथा कोंबड्यांच्या खाद्यात मिसळला असता त्यांची वाढ झपाट्याने होते. डुकरांच्या बाबतीतही तोच अनुभव आला. ही वाढ घडविण्यास औषधाची मात्रा अगदी थोडी लागे.

तेव्हापासून पशुपालनात प्रतिजैविकांचे तीन उपयोग रूढ झाले. पहिला, आजारी जनावरास बरे करण्यासाठी. दुसरा, कळपात एक आजारी पडले की बाकीच्यांना रोग होऊ नये म्हणून. आणि तिसरा, कोणताही रोग नसताना केवळ वजन लवकर वाढावे म्हणून रोजच्या खाद्यात. हा तिसरा उपयोग सर्वांत घातक ठरला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार एक किलोग्रॅम वजनाचे डुक्कर वाढविण्यास वर्षाला सरासरी १७२ मिलिग्रॅम प्रतिजैविक खर्ची पडत असे. कोंबडीसाठी हा आकडा १४८ आणि गुरांसाठी ४५ होता. म्हणजे ह्या बाबतीत डुक्कर सर्वांच्या पुढे होते.

जंतू औषधास कसे सरावतात

औषध घेऊन घेऊन जंतू ‘सरावतात’ असे बोलण्यात येते. वस्तुतः एकेका जंतूला सवय लागत नाही. घडते ती निवड. अनुकूल परिस्थितीत इशेरिकिया कोलायचा एक जंतू वीस मिनिटांत दुभंगून दोन होतो. ह्या वेगाने दहा तासांत एकाचे शंभर कोटींहून अधिक जंतू होऊ शकतात. इतक्या मोठ्या संख्येत एखाद-दुसऱ्याच्या आनुवंशिक द्रव्यात योगायोगाने असा बदल होतो की, विशिष्ट औषधाने तो मरत नाही. औषध नसेल तर ह्या बदलाचा त्याला काही लाभ नसतो. परंतु आतड्यात औषध येताच बाकीचे मरतात आणि मोकळी झालेली सारी जागा व सारे अन्न त्या एकाच्या वंशजांना मिळते.

मात्रा थोडी आणि काळ लांब असेल तर ही निवड अधिकच सुलभ होते. वाढीसाठी खाद्यात मिसळलेल्या औषधात नेमके हेच दोन गुण असतात : ते जंतूंचा नायनाट होईल इतके नसते, पण दररोज असते. पेनिसिलीनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना अपुऱ्या मात्रेच्या ह्याच धोक्याकडे लक्ष वेधले होते.

ह्याहूनही विलक्षण अशी एक गोष्ट १९५० नंतरच्या दशकात जपानी शास्त्रज्ञांच्या ध्यानात आली. आमांशाच्या जंतूंत एकाच वेळी अनेक औषधांचा प्रतिरोध दिसत होता, आणि तो एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे जात होता. जंतूच्या पेशीत मुख्य आनुवंशिक द्रव्याव्यतिरिक्त डीएनएची लहान, वर्तुळाकार कडी असतात. त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. दोन जंतू एकमेकांस चिकटले असता ह्या कड्याची प्रत एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. म्हणून डुकराच्या आतड्यातील निरुपद्रवी जंतू स्वतः माणसास अपाय न करताही, आपल्याजवळचे ‘अस्त्र’ माणसाच्या रोगजंतूस देऊ शकतो.

कोलिस्टीनची कथा

हा धोका केवळ कल्पनेतला नव्हे, हे कोलिस्टीन नावाच्या औषधाने दाखवून दिले. मातीतील जंतूंपासून मिळणारे हे प्रतिजैविक १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये सापडले. ते परिणामकारक होते, परंतु त्याने मूत्रपिंडास इजा होई. अधिक निर्धोक औषधे मिळाल्यावर १९७० नंतर डॉक्टरांनी ते बाजूला ठेवले. जनावरांसाठी मात्र त्याचा वापर होत राहिला. डुकरांची हगवण थांबविण्यासाठी आणि वाढीसाठी ते टनावारी वापरण्यात येऊ लागले.

पुढे काळाची चक्रे उलटी फिरली. रुग्णालयांतील जंतू एकामागून एक नव्या औषधांना जुमानेनासे झाले, आणि १९९० नंतर डॉक्टरांना जुन्या कोलिस्टीनची पुन्हा आठवण झाली. रक्तात जंतुदोष पसरलेल्या नवजात बालकास किंवा अतिदक्षता विभागातील रुग्णास वाचविण्यासाठी अखेरचा उपाय म्हणून ते देण्यात येऊ लागले. ज्या औषधाकडे डॉक्टर शेवटची आशा म्हणून पाहत होते, तेच औषध वराहगृहांत मात्र पोत्यापोत्यांनी खर्च होत होते.

चीनमध्ये २०१३ साली शांघायच्या एका वराहपालन केंद्रातील डुकराच्या शरीरात कोलिस्टीनला दाद न देणारा इशेरिकिया कोलाय आढळला. हा प्रतिरोध प्लाझ्मिडवर होता. २०१५ च्या नोव्हेंबरात चिनी शास्त्रज्ञांनी ह्या जनुकाची माहिती प्रसिद्ध केली. त्यास ‘एमसीआर-१’ असे नाव मिळाले. २०११ ते २०१४ ह्या काळात गोळा केलेल्या नमुन्यांत कत्तलखान्यातील ८०४ डुकरांपैकी १६६ मध्ये, कच्च्या मांसाच्या ५२३ नमुन्यांपैकी ७८ मध्ये आणि १३२२ रुग्णांपैकी १६ जणांत हे जनुक होते. डुक्कर, मांस आणि माणूस ह्या क्रमाने आकडे उतरत जातात. प्रतिरोधाचा उगम कोठे असावा, ह्याचा हा बोलका पुरावा होता.

ह्या जनुकाचे कार्य समजण्यास सोपे आहे. कोलिस्टीनच्या रेणूवर धन विद्युत्‌भार असतो, आणि जंतूच्या बाह्य आवरणावर ऋण भार असतो. विरुद्ध भारांच्या आकर्षणाने औषध आवरणास चिकटते व त्यास भोके पाडते. एमसीआर-१ जनुकामुळे तयार होणारे विकर आवरणावर एक जादा रासायनिक गट बसविते, त्यामुळे ऋण भार कमी होतो. मग औषधाला पकड मिळत नाही.

भारतातील चित्र

भारतात कोलिस्टीनचा वापर विशेषतः कुक्कुटपालनात होत असे. २०१९ साली चेन्नई व वेल्लूर येथील संशोधकांनी चेन्नईतून घेतलेल्या मांस, मासे व भाजीपाला इत्यादी खाद्यपदार्थांच्या नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध केली. निम्म्याच्या आसपास नमुन्यांत कोलिस्टीन-प्रतिरोधी जंतू आढळले, आणि काहींत एमसीआर-१ जनुकही होते. डुकरांच्या संदर्भात मिझोरममधील सेलेसी येथील पशुवैद्यक महाविद्यालयाचे काम महत्त्वाचे आहे. तेथील संशोधकांना आसाम व मेघालयातील डुकरांत एकाच वेळी अनेक प्रतिजैविकांना न जुमानणारे इशेरिकिया कोलाय, साल्मोनेला व क्लेब्सिएला हे जंतू मिळाले आहेत. अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टीन वापरण्यासाठी त्याचे उत्पादन, विक्री व वितरण करण्यास भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली.

आसाम-मेघालयातील डुकरांचा आणि तंजावरच्या भातखाचरांचा संबंध काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. प्रतिरोधी जंतूंच्या प्रवासाकडे पाहिले म्हणजे त्याचे उत्तर मिळते. डुकराला दिलेल्या प्रतिजैविकाचा बराच भाग न बदलता मलमूत्रातून बाहेर पडतो, आणि त्याबरोबर प्रतिरोधी जंतूही पडतात. हे मलमूत्र खत म्हणून शेतात जाते. जेथे डुक्कर व मासे ह्यांचे एकत्र पालन होते, तेथे ते सरळ तळ्यात सोडले जाते. मुखप्रदेशात शेत, कालवा व तळे ही एकमेकांस जोडलेली असतात. ज्या पाटाचे पाणी वरच्या गावात गोठा धुते, तेच खालच्या गावात भाजीला पोहोचते.

दुसरा मार्ग माणसांच्या हातांचा. नेदरलँड्समध्ये २००४ च्या सुमारास एका वराहपालकाच्या तान्ह्या मुलीच्या शरीरावर मेथिसिलीनला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस आढळला. पुढील शोधात तेथील वराहपालकांमध्ये हा जंतू बाळगणाऱ्यांचे प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा शेकडो पटींनी अधिक असल्याचे दिसले. जो गोठ्यात काम करतो, त्याचेच घर प्रथम धोक्यात येते.

तिसरा मार्ग स्वयंपाकघराचा. येथे दोन गोष्टींत भेद केला पाहिजे. मांसातील जंतू चांगल्या शिजवण्याने मरतात. आतपर्यंत सत्तर अंश सेल्सियस उष्णता पोहोचली तर प्रतिरोधी जंतूसुद्धा टिकत नाही, कारण औषधाला न जुमानणारा जंतू उष्णतेला मात्र जुमानतो. धोका असतो तो कच्च्या मांसाच्या सुरीने कोशिंबीर चिरण्यात व न धुतलेल्या हातांत. मांसात राहिलेला औषधाचा अंश ही वेगळी बाब आहे. तो शिजवून नाहीसा होईलच असे नाही. म्हणून जनावराला शेवटचे औषध दिल्यापासून ते कापण्यापर्यंत काही दिवस जाऊ द्यावे लागतात. २०१२ सालच्या नियमानुसार हा काळ औषधाच्या वेष्टनावर छापणे भारतात बंधनकारक झाले. तो निश्चित केलेला नसेल तर मांसासाठी किमान २८ दिवस धरावे लागतात.

परतीची वाट

एकदा पसरलेला प्रतिरोध मागे हटू शकतो काय? डेन्मार्क व चीन ह्या देशांनी त्याचे उत्तर दिले आहे.

डेन्मार्क हा डुकराचे मांस मोठ्या प्रमाणावर निर्यात करणारा देश. तेथे १९९५ पासून वाढीसाठीची प्रतिजैविके क्रमाक्रमाने बंद करण्यात आली व १९९९ च्या अखेरीस ती पूर्णपणे थांबली. आरंभी दूध तोडलेल्या पिलांत हगवण वाढली व उपचारासाठी औषधे अधिक लागली. परंतु पालकांनी पिलांना आईजवळ जास्त दिवस ठेवले, जागा कोरडी व स्वच्छ ठेवली, खाद्यात बदल केले. १९९२ साली दर किलोग्रॅम डुकरामागे १००.४ मिलिग्रॅम प्रतिजैविक लागत असे. २००८ साली ते ४८.९ मिलिग्रॅमवर आले. ह्याच काळात वर्षाला तयार होणाऱ्या डुकरांची संख्या १ कोटी ८४ लाखांवरून २ कोटी ७१ लाखांवर गेली. औषध निम्मे झाले, धंदा मात्र वाढला.

चीनने २०१७ साली वाढीसाठी खाद्यात कोलिस्टीन मिसळण्यास मनाई केली. २०१५-१६ मध्ये डुकरांतील इशेरिकिया कोलायच्या ३४ टक्के नमुन्यांत कोलिस्टीनचा प्रतिरोध होता; २०१७-१८ मध्ये तो ५.१ टक्क्यांवर उतरला. रुग्णालयात आलेल्या माणसांच्या शरीरातही एमसीआर-१ चे प्रमाण घटले. निवड करणारे औषध दूर होताच प्रतिरोधी जंतूचा वरचष्मा राहिला नाही. ह्याचा अर्थ सर्वच प्रतिरोध इतक्या लवकर ओसरतो असा नव्हे. परंतु वेळीच आवरलेला हात व्यर्थ जात नाही, एवढे त्यावरून निश्चित ठरते.

लहान पालकाने काय करावे

बंदीचा कायदा मोठ्या कारखान्यास रोखू शकतो. चार माद्या पाळणाऱ्या कुटुंबाचे तसे नाही. पिल्ले मरू लागली असता त्याने औषध देऊ नये, असे सांगणे सोपे आहे. पण त्या पिलांत त्याच्या मुलांच्या शाळेचा खर्च असतो. म्हणून औषधाची गरजच कमी पडेल, अशी व्यवस्था त्याच्या आवाक्यात आली पाहिजे.

पिल्लास जन्मल्याबरोबर आईचा चीक पाजणे, ही पहिली लस होय. पिल्ले घाईने न तोडता सहा ते आठ आठवडे आईजवळ राहू दिली, तर त्यांची आतडी नव्या अन्नास तयार होतात. जमीन कोरडी ठेवणे, दोन वेतांच्या मध्ये गोठा धुऊन उन्हात वाळविणे, पिण्याचे पाणी स्वच्छ ठेवणे आणि वराहज्वरावरील लस वेळेवर टोचणे ह्या उपायांस खर्च थोडा पडतो. हॉटेलांतील उरलेले अन्न उकळूनच द्यावे, कारण त्यातून येणारे अनेक रोग विषाणूंचे असतात. वराहज्वर असो वा २०२० साली भारतात प्रथम आढळलेला आफ्रिकी वराहज्वर असो, विषाणूवर प्रतिजैविक मुळीच चालत नाही. तेथे दिलेले प्रत्येक इंजेक्शन रोगास स्पर्श करीत नाही. प्रतिरोध मात्र वाढविते.

औषध देणे भागच पडले तर ते पशुवैद्याच्या सल्ल्याने, आजारी जनावरास, पूर्ण मात्रेत व पूर्ण दिवस द्यावे. आणि ते वहीत लिहून ठेवावे. तारीख, जनावर, लक्षणे, औषधाचे नाव, मात्रा व परिणाम एवढे सहा रकाने पुरेत. अशी वही असली म्हणजे कोणते औषध चालेनासे झाले, हे पशुवैद्यास कळते. कोणते जनावर अद्याप विकू नये, हे पालकास कळते. माणसांसाठीच्या काही महत्त्वाच्या प्रतिजैविकांची विक्री दुकानदाराने नोंदवहीत लिहावी, असा नियम भारतात २०१४ पासून आहे. गोठ्यातील वही ही त्याच साखळीतील दुसरी कडी होय. २०१८ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने प्राणी व मासे ह्यांतील प्रतिरोधावर लक्ष ठेवणारे प्रयोगशाळांचे जाळे उभारले. परंतु प्रयोगशाळा जंतू तपासू शकते. औषध कोणी, कधी व का दिले, हे सांगणारा कागद गोठ्यातूनच यावा लागतो.

जगात २०१९ साली सुमारे साडेबारा लाखांहून अधिक माणसे औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे मृत्युमुखी पडली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. नवीन प्रतिजैविक शोधण्यास अनेक वर्षे लागतात, आणि जंतूला त्यावर मात करण्यास त्याहून पुष्कळ कमी काळ पुरतो. ही शर्यत केवळ नव्या औषधांच्या जोरावर जिंकता येणार नाही. प्रतिजैविकाचे सामर्थ्य हे गावच्या विहिरीसारखे सामाईक धन आहे. एकाने गरज नसताना उपसले तर दुसऱ्याची घागर रिकामी राहते. आणि ती घागर पुष्कळदा त्याच गावातील एखाद्या तापाने फणफणलेल्या मुलाची असते.